अर्धी लाल चिठ्ठी

“प्रतिनिधींना बोलता येत नाही, मॅडम. फक्त मत देता येतं.”

टेबलामागच्या मुलीनं हे इतक्या गोड आवाजात सांगितलं, की बायकोला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी धरून उभा होतो. तिला कंपनीच्या सभेच्या दारापर्यंत सोडायचं, एवढंच माझं काम ठरलं होतं.

“मग बोलतं कोण?” तिनं विचारलं.

“ज्यांच्या नावावर शेअर आहेत ते. म्हणजे हे काका. आणि ते स्वतः आत गेले, तर तुमचा प्रतिनिधी म्हणून दिलेला कागद रद्द. तुम्हाला बाहेर बसावं लागेल.”

मी शिंपी. चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून काम केलं. त्यामुळे मी बोलावं अशी अपेक्षा आजवर कुणी केली नव्हती, आणि मलाही ते बरंच होतं.

बायको मात्र चोवीस वर्षं पंपाच्या कारखान्यात तपासनीस होती. पंपाच्या लोखंडी कवचात तडा दिसला, की ती त्या मालाला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीचा अर्धा भाग मालाला, अर्धा तिच्या पुस्तकात. चिठ्ठी असलेला माल दाराबाहेर जायचा नाही, असा नियम होता. एकदा गेला. ऑर्डरची घाई होती, म्हणून कुणीतरी संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या कापून टाकल्या. पुढे पंप फुटले, गिऱ्हाइकं बोंबलत आली. चौकशीत मॅनेजर साहेब म्हणाले, “बाईंनी चिठ्ठ्या बांधल्याच नव्हत्या.” हिनं पुस्तकातले अर्धे भाग दाखवले. “असं घरी बसून कुणीही लिहील,” साहेब म्हणाले. अकरा मिनिटांत चौकशी संपली आणि हिची नोकरी गेली.

ती एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, “ह्याचा सूड घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.” मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. पण राग शिळा होऊ द्यायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

शेअरचं वेड तिला लागलं ते ह्यापायीच. शेजारची पोरगी शेअर दलालाकडे कामाला. लोक तिच्याकडे जाऊन भाव विचारतात. ही गेली आणि म्हणाली, “त्या कंपनीचा शेअर घेतला, तर मला काय काय करता येईल?”

“काकू, शेअर दोन तऱ्हेचे. एकाला नफ्यातला वाटा आधी मिळतो, पण एरवी त्याला मत नसतं. दुसरा साधा. त्याला वाटा मिळेलच असं नाही. कंपनी बुडाली तर सगळ्यांची देणी भागवून काही उरलं तर उरलं, रांगेत शेवटचा नंबर. पण तुम्ही तेवढ्यापुरत्या मालक. वर्षातून एकदा सभा, तिथं मत द्यायचं, उभं राहून प्रश्न विचारायचा.”

“साहेबाला?”

“व्यासपीठावर असेल त्याला.”

“मग मला साधाच दे.”

दहा शेअर घेतले. नोकरीबरोबर तिचं पगाराचं खातं बंद झालेलं, म्हणून माझ्या खात्यातून, माझ्या नावावर. “तुमचं काय नि माझं काय,” ती म्हणाली होती. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारी बाई, ह्या एका जागी फसली.

आता ती दारात उभी होती, आणि आत साहेबाला संचालक करायचा ठराव होता.

“चल, घरी जाऊ,” मी म्हणालो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटत होतं.

तिनं पर्समधून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. एक लाल तुकडा फाडून माझ्या हातात दिला. “प्रश्न पाठ आहे ना तुम्हाला?”

पाठ नसायला काय झालं? सहा महिने मशीनशेजारी उभी राहून तोच घोकत होती.

“आणि त्याच्याकडे बघा,” ती म्हणाली. “खोटं बोलताना तो चष्मा काढून पुसतो. चौकशीतही पुसला होता.”

आत गार हवा होती, खुर्च्यांना पांढरी कापडं होती. शिवण उसवलेली, हे मी आधी पाहिलं. माझं नाव पुकारलं गेलं. माईक हातात आला.

“मी शिंपी,” मी म्हणालो. कुणीतरी हसलं. मी तुकडा वर धरला. “ही लाल चिठ्ठी. अर्धी आहे. हिच्यावर मालाचा नंबर आहे, तारीख आहे, माझ्या बायकोची सही आहे. उरलेली अर्धी मालाला बांधली होती. ती कुणी कापली, हे साहेबांनी सांगावं.”

साहेब उठले. “ते प्रकरण केव्हाच मिटलंय. चिठ्ठ्या बांधलेल्याच नव्हत्या.”

“मिटलं तुमच्यासाठी,” मी म्हणालो. हे पाठ केलेलं नव्हतं. “आमच्या घरात रोज उघडं आहे. माझा प्रश्न लिहून घ्या.”

अध्यक्ष म्हणाले, प्रश्नाची नोंद होईल, उत्तर लेखी देऊ. माईक पुढे गेला. ठराव मंजूर झाला. लाखो मतांपुढे आमच्या दहांचं काय चालणार?

ती बाहेर बाकावर ताठ बसली होती. निवडून आला का, हे तिनं विचारलंच नाही.

“चष्मा पुसला?”

“दोनदा.”

तिनं डोळे मिटले. मग मी तुकडा परत दिला, तो तिनं पुस्तकात नेमका त्याच्या जागी ठेवला.

घरी आलो तर दारात शेजारची पोरगी. “काकू, भाव पडलाय. आत्ताच विकून मोकळ्या व्हा. कंपनीचं काही खरं नाही.”

“पडू दे,” बायको म्हणाली. “बुडाली तर माझा नंबर शेवटचा ना? मग मला अगदी शेवटपर्यंत बघायला मिळेल. तू मला शेअरच्या खात्याचा फॉर्म दे.”

फॉर्मवर तिनं स्वतःचं नाव लिहिलं, लाल चिठ्ठीवर लिहायची तसं, एकेक अक्षर सुटं. सही केली. पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“पुढच्या वर्षी तुम्ही बाहेर बसायचं.”