घासून-पुसून खोटी ठरलेली मोटार

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या मोटारीला कुणी वय विचारले तर तिला राग येत नाही. पण ‘तू खरी कशावरून?’ असे चारचौघांत विचारले तर काय वाटत असेल, याची जरा कल्पना करा. मला ते विचारले गेले. लिलाव तोंडावर आला होता, आणि उत्तर चुकले असते तर आज मी तुमच्याशी बोलायला अखंड उरले नसते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. त्या काळी चासी, म्हणजे चाके आणि इंजिन पेलणारी खालची लोखंडी चौकट, एकीकडे बनत असे आणि वरची बॉडी दुसरीकडे. आधी लाकडी सांगाडा जोडायचा, मग त्यावर पत्रा हाताने ठोकून बसवायचा. माझे डावे मडगार्ड ठोकणारा कारागीर वेगळा होता आणि उजवे ठोकणारा वेगळा. त्यामुळे माझे दोन्ही गाल तंतोतंत सारखे नाहीत. याचा मला अभिमानच आहे.

मला विकत घेतले ते एका डॉक्टरांनी. त्यांच्याबरोबर मी खाचखळग्यांतून रुग्णांच्या दारापर्यंत जात असे. एकदा तर एक बाळ माझ्या मागच्या सीटवरच जन्मले. त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या बॉनेटवर थोपटले, तशी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही. पुढे डॉक्टर थकले आणि मी गॅरेजात पडून राहिले. माझ्या टपावर जुन्या गाद्या आल्या, गाद्यांवर मांजरीने संसार थाटला. माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

डॉक्टरांच्या मागे त्यांची दोन मुले राहिली. ताई मोठी, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, एक घाव दोन तुकडे करणारी. भाऊ धाकटा, हौशी आणि भित्रा. घर विकायचे ठरले आणि नव्या घराला गॅरेज नव्हते.

“गाडी जाऊ दे,” ताई म्हणाली, “पण अख्खी जाऊ दे. बाबांची गाडी सुटी करून विकलेली मला नाही बघवणार.”

“तू काळजीच करू नकोस ताई,” धाकटा म्हणाला. “अशी चकाचक करतो ना, की लोक बघत राहतील.”

आणि तो पॉलिश पेपर घेऊन माझ्यामागे हात धुऊन लागला. त्याने माझा मूळचा रंग खरवडला, नवा मारला, पितळ उजळले. खाली चासीवर जिथे माझा नंबर ठोकलेला आहे, तिथे थोडासा गंज होता. तोही त्याने घासघासून काढला आणि वर काळा रंग फासला. इतक्या वर्षांनी कुणी मायेने हात लावत होते, म्हणून मी लाडात येऊन घासून घेत होते. वेडी कुठली!

लिलावाचे दालन मोठे आणि थंड होते. तिथला नियम असा, की बोली सुरू होण्याआधी परीक्षक बाई प्रत्येक गाडी तपासणार आणि त्यांचा निकाल सर्वांसमोर वाचला जाणार. ‘अस्सल’ म्हटले तर गाडीला जपणारे लोक पुढे येतात. ‘जोडगाडी’ म्हटले, म्हणजे चार गाड्यांचे अवयव एकत्र करून बनवलेली, तर पुढे येतो फक्त सुट्या भागांचा व्यापारी. तो आधीच माझ्याभोवती घुटमळत होता.

“दिवे झकास आहेत,” तो आपल्या माणसाला सांगत होता. “दारंही जातील. बाकी भंगारात.”

आणि त्याने माझ्या दिव्याच्या काचेवर टिचकी मारून पाहिली.

बाई आल्या. गुडघ्यांना पट्टे, हातात फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक. त्या ते माझ्या अंगावरून हळूहळू फिरवत गेल्या. पत्र्याला ते चिकटते. आत खड्डा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे निसटते. कुठेच निसटले नाही. धाकटा ऐटीत ताईकडे पाहू लागला. मग बाई टॉर्च घेऊन माझ्याखाली सरकल्या, आणि त्यांचे बोट नंबरावर येऊन थांबले. ते पुढे गेले, मागे आले, पुन्हा थांबले.

“हा नंबर कुणी घासला?” खालून आवाज आला.

धाकट्याच्या तोंडचे पाणी पळाले. चोरीच्या गाडीचा नंबर घासून तिथे दुसरा ठोकतात, हे त्याला नेमके आत्ता आठवले. “कुणीच नाही,” तो म्हणाला. “पहिल्यापासून तसाच आहे.”

“पॉलिश पेपरचे ओरखडे ताजे आहेत.”

“असतील. आणताना कुठेतरी घासटला असेल.”

“चासीच्या आतल्या बाजूला?” बाई बाहेर आल्या आणि त्यांनी हात पुसले. “मालक असं म्हणत असतील, तर मला जोडगाडी म्हणावं लागेल.”

व्यापाऱ्याने खिशातून टेप काढून माझे दार मोजायला घेतले. मला ओरडावेसे वाटत होते. मला हॉर्न होता, पण तो दाबायला कुणाचा तरी हात लागतो ना!

ताई भावासमोर जाऊन उभी राहिली. “इकडे बघ. काय केलंस?”

“काही नाही गं.”

“तुझ्या थापेपायी बाबांची गाडी खोटी ठरतेय. बोल.”

आजूबाजूला गर्दी जमली होती. धाकट्याच्या कपाळावर घाम डवरला. “मीच घासला,” तो पुटपुटला. “गंज वाईट दिसत होता. मला वाटलं, छान दिसेल.”

कुणीतरी फिस्कन हसले. बाई हसल्या नाहीत. “मघाशी खोटं बोललात की आत्ता बोलताय, हे मी कसं ओळखायचं?”

बाईंनी थोडा विचार केला आणि विचारले, “गाडीत अशी कुठली जागा आहे, जिथे तुम्ही हातच लावला नाहीत?”

“मागच्या सीटखाली,” तो मान खाली घालून म्हणाला. “तिथवर येईपर्यंत कंटाळा आला होता.”

मित्रांनो, एखाद्याच्या आळसाला मी एवढे आशीर्वाद कधी दिले नव्हते. सीट उचलली गेली. खाली धूळ, उंदराने कुरतडलेला काथ्या आणि माझे मूळ लाकूड. आमच्या शेडची एक रीत होती. चासी आली, की तिच्या नंबराचे शेवटचे आकडे लाकडी सांगाड्यावर ठोकायचे, म्हणजे बॉडीची अदलाबदल होत नसे. बाईंनी धूळ फुंकली आणि ते आकडे वाचले; चासीवर पुसट उरलेल्या नंबराशी ते जुळत होते. मग दाराचे अस्तर सोडवले. तिथेही तेच. दुसऱ्या दारात तेच. प्रत्येक ठशात वर्षानुवर्षांचा मळ घट्ट बसलेला होता.

निकाल वाचला गेला. “गाडी अस्सल. नंबर मालकाने घासलेला. मूळ रंग कायमचा गेलेला.”

माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण गाड्या जपणारी मंडळी कुजबुजू लागली. “घासलेल्या नंबराची कहाणी जन्मभर कोण सांगत बसणार?” असे म्हणत एकेक जण मागे सरकला. बोली पुकारली गेली तेव्हा हात वर झाला तो एकटा व्यापाऱ्याचा.

“एक वार!”

धाकट्याचा हात वर जाऊ लागला. ताईने त्याचे मनगट पकडले. “मालकाला बोली लावता येत नाही रे,” ती म्हणाली, पण मनगट सोडले नाही.

“दोन वार!”

अगदी मागच्या रांगेतून एक हात वर आला. मोटारदुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेचे मास्तर होते ते. व्यापाऱ्याने बोली चढवली, मास्तरांनी चढवली. शेवटी व्यापारी वैतागला. “मास्तर, ही बिघडवलेली गाडी घेऊन करणार काय?”

“खरी असून खोटी दिसते अशी गाडी मला दुसरी कुठे मिळणार?” मास्तर म्हणाले. “मुलांना शिकवायला मला हीच हवी.”

हातोडा पडला, आणि मी अखंड राहिले. ताईने चष्मा काढून डोळे पुसले. धाकटा माझ्याकडे बघायलाही धजत नव्हता.

आता मी शाळेच्या कार्यशाळेत उभी असते. नवी मुले येतात, माझ्याखाली सरपटतात आणि नंबर पाहून एकमुखाने मला चोरीची ठरवतात. मास्तरांनी बोलावले की धाकटाही येतो. परवा एका मुलीने त्याला तोंडावरच विचारले, “काका, पण घासलीत कशाला?”

“आवडायची म्हणून,” तो म्हणाला.

मला त्या क्षणी त्याची फार माया आली. म्हणून, मित्रांनो, एवढेच सांगते. जुन्या वस्तूंवर जरूर प्रेम करा, पण हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. आणि हात चुकलाच, तर पहिल्याच प्रश्नाला खरे सांगा. दुसऱ्या प्रश्नाला दिलेले खरे उत्तर लोक तुमच्या शब्दावर मानत नाहीत. त्यासाठी त्यांना आमची हाडे मोकळी करून बघावी लागतात.