काचेच्या विटांवरची भुकटी

सकाळी साडेसहाला घड्याळजींच्या न्हाणीघरापासून लागलेली रांग जिना उतरून रस्त्यापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या हातात कागदाचा कपटा होता. आत, शॉवरच्या कडेला बांधलेल्या काचेच्या भिंतीवर, रात्रीतून पुन्हा पांढरी भुकटी उगवली होती.

"ढकलू नका! सगळ्यांना मिळेल," तळमजल्यावरची मावशी चमच्याने भुकटी खरवडत ओरडत होती.

भिंत नवी होती. घड्याळदुरुस्तीत जन्म गेलेल्या घड्याळजींना कमी दिसू लागलं, तेव्हा अंघोळीच्या जागी उजेड यावा म्हणून मुलाने ती बांधून घेतली. पोकळ काचेच्या विटा आणि मधे पांढऱ्या सिमेंटचे सांधे. गवंड्याने सांगितलं होतं, सांधे नीट सुकेपर्यंत पाणी लावू नका, मग मी येऊन वरून पाणी न मुरणारा लेप देऊन जातो. घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी शॉवर सोडला आणि गवंड्याला बोलवायचं राहून गेलं. थोड्याच दिवसांत सांध्यांवर भुकटी आली. मावशीने ती पाहिली आणि आपल्या महाराजांना घेऊन आली.

महाराजांनी भुकटी बोटावर घेतली, हुंगली, डोळे मिटले.

"नेत्रचूर्ण! काच म्हणजे काय? गोठलेली दृष्टी. ज्याची नजर चालली, त्याच्याच घरात ती पाझरली. आता याला योगायोग म्हणायचं का?"

"नाही, नाही," जिना एका सुरात म्हणाला.

"रोज रात्री भिंतीला अकरा तांब्यांचं स्नान घाला. मग पंखा लावा आणि दार ओढून घ्या. सकाळी चूर्ण डोळ्यात."

"झोंबतं हो, महाराज," घड्याळजी म्हणाले.

"झोंबतंय म्हणजे दोष निघतोय. आणि डॉक्टरांचे थेंब बंद. दोन औषधं एका डोळ्यात भांडतात."

घड्याळजींनी थेंब बंद केले. डोळ्यातला दाब वाढलाय, थेंब चुकले तर गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिने समजावलं, चिडून पाहिलं, शेवटी नवऱ्याला मधे घातलं.

"अप्पांचा विश्वास आहे, तर राहू दे ना," तो म्हणाला.

"विश्वास राहील. डोळे राहणार नाहीत."

घड्याळजींचे डोळे लालभडक झाले होते. दारातल्या माणसाला ते आता आवाजावरून ओळखत होते.

तशी भुकटी सुनेने शाळेत रोज पाहिली होती. प्रयोगशाळेच्या ओल्या भिंतीला लोणा लागला होता आणि तिथे कुणी रांग लावत नव्हतं. तिने बांधकामातल्या उरलेल्या चार काचेच्या विटा काढल्या, त्याच पांढऱ्या सिमेंटने दोन-दोन जोडल्या, दोन परातींत उभ्या केल्या आणि सुकू दिल्या. मग एका संध्याकाळी भरल्या घरात त्या महाराजांपुढे ठेवल्या.

"यातली एक तुमची. निवडा."

"शक्ती प्रदर्शनासाठी नसते, सूनबाई."

"होऊन जाऊ द्या की, महाराज!" मागून कुणीतरी म्हणालं. मावशीही म्हणाली, "दाखवाच हिला."

महाराजांनी उजवी परात निवडली. "स्नानाला पाणी आणा."

"पाणी सोडून काहीही करा. मंत्र म्हणा, हात ठेवा."

"स्नानाशिवाय?"

"शक्ती तुमची की पाण्याची?"

खोलीत खसखस पिकली. महाराजांचा नाइलाज झाला. ते उजव्या जोडीवर हात ठेवून बराच वेळ पुटपुटले. सुनेने डाव्या जोडीवर अकरा तांबे ओतले. "मला मंत्र येत नाहीत. सतराचा पाढा म्हणते," ती म्हणाली आणि खरंच म्हणाली. पंखा लावला. खोलीला मावशीने स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

सकाळी मावशीनेच दार उघडलं. पाढ्याच्या विटांना सांध्यावर पांढरी दाढी फुटली होती. मंत्राच्या विटा होत्या तशाच लख्ख होत्या.

"सतराच्या पाढ्यात लई ताकद दिसते!" जिन्यावरून आवाज आला.

"अश्रद्धेची सावली पडली," असं काहीसं बोलत महाराज चपला शोधू लागले.

"हा लोणा आहे," सून म्हणाली. "पाणी सिमेंटमध्ये मुरतं, आतला चुना आणि क्षार विरघळवून बाहेर आणतं. वाऱ्याने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणजे स्नान घातलं की भुकटी येणारच. काच चमकते म्हणून तुम्हाला चमत्कार दिसला."

घड्याळजी खुर्चीत बसून ऐकत होते. "मग मी इतके दिवस डोळ्यात चुना घालत होतो?"

"हो, अप्पा."

कुणी हसलं नाही.

"बरं व्हायचं होतं गं मला," ते म्हणाले. "तो म्हणाला, झोंबतंय म्हणजे बरं होतंय. डॉक्टर तसं म्हणत नाहीत." मग हाताने चाचपडत उठले. "गाडी बोलाव."

अशी परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. एकीला मंत्र, दुसरीला पाणी, बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि सकाळपर्यंत थांबायचं. कुणी म्हणालं थांबू नका, विचारू नका, औषध सोडा, तर तिथेच विचारायचं. डोळा आपला आहे.

महाराज परवा बाजारापलीकडच्या वस्तीत दिसले. मावशी घरोघर जाऊन भुकटीच्या पुड्या परत मागते आहे. दोन घरांनी अजून दिलेल्या नाहीत.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे घड्याळजींच्या उजव्या डोळ्याचा दाब थेंबांनी उतरतो आहे. डाव्या डोळ्याच्या बुबुळाला जखम आहे. त्याला किती दिसेल ते पट्टी सुटल्यावरच कळणार आहे, आणि ती आज दुपारी सुटायची होती. संध्याकाळ झाली, सासरे आणि सून अजून दवाखान्यातून परतलेले नाहीत.