ड्रायव्हरच्या खिशातलं बूच

मी एक जुनं लाकडी बूच बोलतोय, मित्रांनो. हसलात ना? हसा, सगळेच हसतात. होडीनं आपली कहाणी सांगितली तर तुम्ही कान देऊन ऐकाल, पण बुचाला कसलं आलंय आयुष्य, असं तुमच्या मनात आलं असणार. उन्हाळ्यात आमच्या डोंगरातल्या तळ्यावर माणसं येतात, काठावर पाय सोडून बसतात आणि एकमेकांना म्हणतात, "किती शांत वाटतंय इथं." वाटत असेल. त्याच शांत पाण्याखाली मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जीव मुठीत धरून बसलेला असतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

माझं काम आधी समजून घ्या. आमच्या होडीच्या तळाला, मागच्या बाजूला, अंगठा जाईल एवढं एक भोक आहे. होडीला भोक कशाला, असं विचाराल, तर होडीत पाणी साचतंच. वल्ह्यांचं उडतं, ओल्या पायांबरोबर येतं, पावसाचं पडतं. होडी काठावर ओढली की भोक उघडायचं, पाणी आपलं आपण निघून जातं. आणि पुन्हा तळ्यात ढकलण्याआधी ते घट्ट बंद करायचं. ते बंद करणारा मी. वर बसायला फळ्या टाकलेल्या असतात, त्यामुळे मी कोणाला दिसतसुद्धा नाही.

ज्या सुतारानं होडी घडवली, त्यानंच उरलेल्या लाकडातून मला घडवलं. पहिल्यांदा मी फार जाडा झालो होतो. मग तो कानशीनं मला थोडं घासायचा, भोकात घालून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा घासायचा. असं दिवसभर चाललं होतं. शेवटी मी बरोबर बसलो तेव्हा त्यानं मला तेलात भिजत घातलं आणि नावाडीकाकांच्या हातावर ठेवताना म्हणाला, "होडीला काही झालं तर मला बोलवा. या बुचाला काही झालं तर आधी पोहायला लागा." तो गमतीत बोलला असेल, पण मी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही.

नावाडीकाकांची एक रीत होती. रोज संध्याकाळी ते स्वतःच्या हातानं मला काढायचे आणि शर्टाच्या खिशात ठेवायचे. सकाळी स्वतःच्या हातानं बसवायचे आणि वरून दोनदा टाच मारायचे. दुसऱ्या कोणी मला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. त्यांच्या बायकोनं एकदा झाडलोट करताना मला नुसतं उचललं, तर दोन दिवस धुसफुस चालली होती घरात. त्यामुळे झालं असं, की सकाळी एकदा बसवलं की दिवसभर ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. बघायचं कशाला? काढणारा हात एकच होता.

तीस वर्षं असं चाललं. होडीला दर उन्हाळ्याआधी निळा रंग मिळाला, वल्ह्यांना तेल मिळालं. मला टाच मिळाली. लोक होडीत उभं राहून फोटो काढत, होडीचं कौतुक करत, काकांच्या दंडांचं कौतुक करत. बुचाचं कौतुक करणारा एकही माईचा लाल मला भेटला नाही. नाकाला मिरच्या झोंबायच्या, खोटं का बोलू. पण पाणी आत आलं नाही कधी.

आणि मग त्या उन्हाळ्यात ते कुटुंब आलं.

छोट्या गाडीतून चौघं उतरली. गाडी चालवत होते ते शाळेच्या बसचे ड्रायव्हर. वीस वर्षं पहाटे उठून आधी बस धुवायची आणि मग दारोदार जाऊन मुलं गोळा करायची, हे त्यांचं काम. बरोबर त्यांची बायको, ती कपडे शिवायची. नऊ वर्षांची मुलगी, तिला सगळे टिल्ली म्हणत आणि ती होतीही तेवढीच. आणि काठी टेकत चालणाऱ्या सासूबाई. बायकोनं निघतानाच नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की आजचा एक दिवस कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. टिल्लीचं मागणं त्याहून लहान होतं. बाबांनी होडीत आपल्या शेजारी बसायचं, एवढंच.

पण त्या माणसाला बसणं जमेचना. त्यांनी सतरंजी अंथरली, मग ती सरळ केली, मग उचलून सावलीत नेली. गाडीच्या चाकांना दगड लावले. थर्मासचं झाकण आवळलं. अंडी सोलली, टरफलं गोळा केली, मग दुसऱ्यांनी टाकलेले कागदही गोळा केले. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ते तळं जागच्या जागी आहे. तुम्ही धरून ठेवायची गरज नाही."

ते ओशाळून हसले आणि पाय मोकळे करून येतो म्हणून थेट आमच्याकडे आले.

सकाळची फेरी आटोपून काका झोपडीत जेवायला गेले होते. होडी पूर्ण वाळूवर ओढलेली होती आणि सकाळच्या मुलांच्या पायांनी आत चिखल झाला होता. ड्रायव्हरांचे हात शिवशिवले. त्यांनी बादली शोधली, फळ्या उचलल्या, तळ्याचं पाणी ओतून होडी अशी घासली की तिचा निळा रंग मलाच नवा वाटला. मग साचलेलं पाणी काढायला भोक शोधलं, दोन बोटांत मला धरलं आणि उपटलं.

मित्रांनो, तीस वर्षांत पहिल्यांदा मला परका हात लागला. तरी त्या माणसाला नावं ठेवू नका. हरवू नये म्हणून त्यांनी मला खिशात घातलं, अगदी काकांसारखं. पाणी निथळलं की लगेच परत बसवायचं, हे त्यांच्या मनात होतं. फळ्याही नीट लावून ठेवल्या. तेवढ्यात मागून बायकोची हाक आली.

"अहो, काय ठरलं होतं आपलं?"

चोरी पकडल्यासारखे ते तसेच मागे फिरले. बायकोनं हातात चहा दिला, तो संपल्यावर झाडाखाली आडवं व्हायला लावलं आणि तोंडावर टॉवेल टाकला. "पाच मिनिटं डोळे मिटा. जग बुडत नाही." पाच मिनिटांनी उठून बूच लावू, असं ते स्वतःशी पुटपुटल्याचं मी ऐकलं. मग वीस वर्षांची झोप त्यांच्यावर कोसळली. दोन श्वासांत घोरायला लागले.

मी खिशात. ओला, जागा, आणि पाचावर धारण बसलेला.

थोड्या वेळानं काकांचा आवाज आला. "होडी कोणी धुतली हो? आरसा केलाय नुसता."

"आमच्या ह्यांनी," बायको म्हणाली. "राहवत नाही त्यांना."

काका खूश झाले. "मग चला, तुम्हाला फिरवून आणतो."

"बाबांना उठवू या ना," टिल्ली म्हणाली.

"नको ग. किती दिवसांनी डोळा लागलाय. दुसऱ्या फेरीला नेऊ त्यांना."

मग वाळूवरून होडी सरकल्याचा आवाज आला. तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. मी नसताना होडी पाण्यात गेली होती. आत तिघी बसल्या होत्या आणि तिघींपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. काकांना येत होतं, पण दोन हातांनी ते किती जणींना धरणार? मला तोंड नाही, हात नाही, पाय नाही. तुम्हाला कधी असं झालंय का, की समोर काय होणार ते दिसतंय आणि ओरडता येत नाही? मला त्या दिवशी झालं. बाहेर वारासुद्धा पडला होता. पाखरं निवांत बोलत होती. इतकं शांत तळं मी कधी ऐकलं नव्हतं आणि त्या शांततेचा मला संताप आला.

मला एकच आशा होती. हा माणूस जागेपणी स्वस्थ बसत नाही, तो झोपेत तरी कसा स्वस्थ पडेल? आणि खरंच, ते डाव्या कुशीवर वळले. मग उजव्या. मग एकदाचे पालथे झाले आणि मी बरगडीत रुतलो. जीव खाऊन रुतलो. त्यांनी डोळे न उघडता खिशात हात घातला, मला काढलं, गवतात ठेवलं आणि पुन्हा कुशीवर झाले.

संपलं, असं मला वाटलं.

पण घोरणं पुन्हा सुरू झालं नाही. मग एक हात गवतात चाचपत आला, त्यानं मला पकडलं, आणि ड्रायव्हर ताडकन उठून बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या वाळूकडे पाहिलं, मग दूर तळ्याच्या मध्यावर पाहिलं. मला मुठीत धरून ते पाण्यापर्यंत धावले आणि ओरडले, "मागे फिरा, बूच नाहीये!" आवाज पोचला, शब्द पोचले नाहीत. बाबा उठले म्हणून टिल्लीनं आनंदानं हात हलवला. सासूबाईंनी काठी हलवली. होडी पुढेच चालली.

मग ते वळले आणि गाडीकडे पळाले. दार उघडून त्यांनी हॉर्नवर हात दाबला, तो उचललाच नाही. माझ्यासकट दाबला, अजून माझ्या एका बाजूला त्याचा व्रण आहे.

होडीत काय झालं ते मला नंतरच्या बोलण्यातून कळलं. हॉर्न ऐकताच बायको ताठ बसली. हा माणूस बसमध्ये झोपलेली मुलं दचकतात म्हणून वीस वर्षांत विनाकारण हॉर्न वाजवत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "काका, होडी वळवा. काहीतरी झालंय. हे उगाच वाजवायचे नाहीत." काकांनी वल्हं थांबवलं. होडी जड लागतेय हे त्यांना मघापासून जाणवत होतं, पण बायकामाणसांसमोर वजनाचं कसं बोलायचं म्हणून बिचारे गप्प बसले होते. त्यांनी फळी उचलली. खाली पाणीच पाणी. हात घालून बघतात तर भोक उघडं.

सासूबाईंनी काही न विचारता चप्पल काढली आणि टाच भोकावर रोवली. "मी दाबून धरते. तुम्ही वल्हवा." टिल्लीच्या आईनं बरोबर घेतलेल्या थर्मासच्या झाकणानं पाणी उपसायला घेतलं आणि टिल्लीनं ओंजळीनं.

इकडे ड्रायव्हर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनाही पोहता येत नव्हतं, पुढे पाऊल टाकायची सोय नव्हती. एका हातात मी. ती मूठ त्यांनी इतकी आवळली होती की मला माझ्या भीतीचा विसर पडला. होडी आली तेव्हा तिची कड पाण्याला टेकायला वीतभरच बाकी होती. त्यांनी आधी टिल्लीला उचललं, मग दोघींना हात दिला. सगळी काठावर आल्यावर ड्रायव्हरांनी काकांसमोर मूठ उघडली.

"मी काढलं होतं," ते म्हणाले. "काढल्यावर सांगितलं नाही तुम्हाला."

काकांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ त्यांनी मला कधीच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता दोन दिवस धुसफुस. पण ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी बघितलं नाही. नुसता पाय लावला असता तरी कळलं असतं."

बायको रागावली होती आणि रडतही होती. "जग बुडत नाही म्हणाले मी," एवढंच ती दोनदा म्हणाली. सासूबाई टाच चोळत होत्या. "माझं वजन एकदाचं कामी आलं," त्या म्हणाल्या.

टिल्ली गाडीत जाऊन बसली होती. आपण परत कधी होडीत बसणार नाही, असं तिनं खिडकीतून सांगितलं. काका तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "नको बसूस. पण भीती इथंच ठेवून जा, घरी नेऊ नकोस. काठाकाठानं जाऊ, गुडघाभर पाण्यातून. कधीही उतरून चालायला लागता येईल."

तिनं विचार केला. "बाबा शेजारी बसतील?"

होडी पालथी करून पाणी काढलं. मग काकांनी मला ड्रायव्हरांच्या हातात दिलं. होय, काकांनी, ज्यांनी बायकोलासुद्धा मला उचलू दिलं नव्हतं. ड्रायव्हरांनी मला बसवलं आणि दोनदा टाच मारली. काकांनी हात घालून पाहिलं. टिल्लीनंही पाहिलं. मग फळी बाजूलाच ठेवली आणि सगळी निघाली, सासूबाईसुद्धा.

ड्रायव्हर मुलीच्या शेजारी बसले. एक हात तिच्या खांद्यावर आणि उजवा पाय माझ्यावर. काठावर कोणाचा तरी कागद पडला होता, तो त्यांनी पाहिला आणि तसाच राहू दिला. बायको हळूच म्हणाली, "पाय अवघडेल, काढा आता." ते नुसतं "नको" म्हणाले. ऊन डोंगरामागे जाईपर्यंत आम्ही फिरत होतो आणि तेवढा सगळा वेळ तो माणूस जागचा हलला नाही.

आता काकांनी मला दोरीनं होडीलाच बांधलंय आणि फेरी कोणतीही असो, निघण्याआधी ते पायानं मला चाचपतात. मित्रांनो, माझं मागणं फार नाही. दुसऱ्याची वस्तू भल्यासाठी जरी हलवलीत, तरी त्याला तोंडानं सांगा. आणि रोजच्या सवयीच्या वस्तूकडेही दिवसातून एकदा बघा. माझी धाकधूक काही गेलेली नाही. पण ती फारच वाढली की मला त्या दिवशीचा तो ओला, जड पाय आठवतो, आणि मग मी जरा टेकतो.