जनाच्या बाजूची भिंत

हर्षलाने शेवटचं भाताचं पोतं गुडघ्याने ढकलून भिंतीला लावलं आणि वर गोधडी टाकली. खोलीच्या कोपऱ्यात आता जेमतेम एका माणसापुरती जागा उरली. तिथे स्टुलावर वनिताआत्या, समोर रेकॉर्डिंगसाठी डब्याला टेकवलेला मोबाइल. श्वासाचा फटका बसू नये म्हणून मध्ये बांगडीवर ताणलेला जुना पायमोजा. कर्जतचा स्टुडिओ परवडला नव्हता.

“गाणं भरतेस का मलाच कणगीत भरतेस गं?” आत्या म्हणाली.

“बोलू नको. घसा राख.”

सोमवारी घशातली गाठ काढायची होती. नंतर आवाज राहील का, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. लग्नात गायचे धवळे आत्याच्या तोंडीच होते. लिहिलेले कुठेच नाहीत.

पोत्यांचा सगळ्यांत जाड थर शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या कुडाच्या पातळ भिंतीला होता. पलीकडे आत्याची चुलत जाऊ, जना, दिवसभर भांडी आपटायची.

आत्याने हळदीचा धवळा उचलला. आवाज चिरका झालेला, पण सूर पक्का. एक ओळ म्हणून ती थांबली. मग पुढची. पुन्हा थांबली.

हर्षलाने रेकॉर्डिंग बंद केलं. “आठवत नाय का?”

“आठवतंय की. जनीची ओळ सोडते.”

“म्हणजे?”

“मी सांगायची, तिनं झेलायची. चाळीस वर्सं तसंच. एकटीनं सलग म्हनायला गेले तर पुढचं सुचतच नाय.”

“मग बोलावू तिला?”

“तिच्या रूपेशच्या हळदीला डीजे लावला. मला साधी हाक नाय. चार सालं झाली. आता मी बोलवू?”

बोलता बोलता आत्याची बोटं कुडाकडच्या गोधडीची शिवण चाचपत होती.

हर्षलाने ती गोधडी काढली. मग एकेक पोतं मागे ओढलं.

“अगं, तिचा आवाज येल ना त्यात!”

कूड उघडा पडला. पलीकडे ताट आपटलं. तिने मोबाइल कुडाजवळ सरकवला आणि बटण दाबलं.

आत्याने पहिली ओळ म्हटली, मघापेक्षा जरा मोठ्याने. थांबली.

पलीकडची भांडी थांबली. हर्षलाने बटणाकडे हात नेला नाही.

मग कुडापलीकडे कुणीतरी घसा खाकरला.