बाबा डोक्याशी उभा राहील

सकाळी चैत्राली ओट्यापाशी उभी होती आणि एकदम पायांवरून कोमट पाणी ओघळलं. दुखलं काहीच नाही. तिने हॉलकडे बघून हाक मारली, "बाबा, पाणी गेलं रे!"

"आत्ता तर टाकी भरली," म्हणत श्यामकांत पेपर ठेवून उठले. लेकीचा चेहरा दिसला आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

बाळंतपणाच्या तारखेला अजून दोन आठवडे होते. सासूबाई रविवारी सांगलीहून यायच्या होत्या. नवरा, समीर, कंपनीच्या कामासाठी गुजरातेत होता. आई, सुहासिनी, जाऊन चार वर्षं झाली होती. बदलापूरच्या त्या घरात बापलेक दोघंच.

रिक्षात बसताच चैत्रालीने समीरला फोन लावला, तो लगेच निघाला. अंबरनाथच्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत श्यामकांत प्रत्येक स्पीडब्रेकरला "सावकाश, सावकाश" करत राहिले.

"पाणी कसं होतं? पांढरं की हिरवट?" यशोधरा सिस्टरनी विचारलं. श्यामकांत एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झालेले. सगळा प्लांट त्यांच्या आवाजाला घाबरायचा. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"पांढरं," चैत्राली म्हणाली.

तिला गाऊन दिला, पोटाला पट्टा बांधला. मशीनमधून बाळाचे ठोके धाडधाड ऐकू यायला लागले.

"इतके जोरात?" श्यामकांत घाबरले.

"काका, बाळाचे असेच असतात. छान आहेत."

तपासणीच्या वेळी ते बाहेर गेले. सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलंय. पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. तिला चालवा जरा."

मग दोघं कॉरिडॉरमध्ये चालत राहिले. कळ आली की चैत्राली थांबायची, भिंतीला हात टेकायची, कळ ओसरली की पुन्हा निघायची. अशाच एका थांब्यावर तिने विचारलं, "आईला खूप दुखलं होतं का रे?"

"मला नाही गं माहीत. मला आत सोडलंच नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, दुखलं ते विसरले, भूक मात्र लागलीय. तीन वाट्या शिरा खाल्ला तिने."

चैत्राली हसली आणि हसता हसता रडली. आई असती तर, हे दोघांच्याही मनात आलं.

दुपारनंतर कळा लागोपाठ यायला लागल्या. सिस्टरनी श्यामकांतना दाखवलं, "कंबरेच्या खाली, इथे तळव्याने दाबून धरा." त्यांचा हात बिचकला. लेक मोठी झाल्यापासून तिच्या पाठीवरून हात फिरवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"बाबा, जोरात दाब ना!"

त्यांनी जोर लावला.

थोड्या वेळाने तिला उलटी झाली, अंग थरथरायला लागलं. "मला नाही जमणार. मला घरी ने. प्लीज."

श्यामकांतच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सिस्टरचा चेहरा खुलला. "घरी जायचं म्हणायला लागली ना? म्हणजे जवळ आलं."

लेबर रूममध्ये नेताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "नवरा नाही? बरोबर बाई कोणी?"

"बाबा डोक्याशी उभा राहील," चैत्राली म्हणाली.

डॉक्टरांनी श्यामकांतकडे बघितलं. "काका, चक्कर वगैरे येते का तुम्हाला?"

"अजून तरी प्रसंग आला नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

टोपी, गाऊन चढवून ते तिच्या डोक्याशी उभे राहिले, नजर फक्त तिच्या कपाळावर.

"हनुवटी छातीला लाव. संडासला करतेस तसा खाली जोर दे. ओरडण्यात ताकद घालवू नको," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"श्वास घे चैतू, मोठा श्वास—"

"बाबा, गप्प बस!"

ते गप्प बसले. तिने त्यांचा हात असा आवळला की अंगठी बोटात रुतली.

"आता जोर नको. फुंकर मारत राहा... हळू... हं!"

बाळ बाहेर आलं. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. सिस्टरनी टॉवेलने पाठ चोळली आणि मग ते बारीक, चिडकं रडणं खोलीभर झालं.

"मुलगी आहे गं."

ओल्या अंगाने ती चैत्रालीच्या छातीवर आली आणि रडायची थांबली. चैत्रालीला वाटलं, संपलं. पण अजून वार पडायची होती, मग टाके. सुई टोचली तेव्हा ती "आई गं" म्हणाली, पण डोळे लेकीवरून हलले नाहीत. सिस्टरनी बाळाला दुधाला लावलं तसे श्यामकांत दाराकडे वळले.

"बाबा, कुठे चाललास? उशी दे मागे."

त्यांनी तिच्या पाठीशी उशी लावली आणि केसांवरून हात फिरवला.

रात्र पडता पडता समीर धापा टाकत पोचला. चैत्राली बाबांचा हात धरून बाथरूममधून सावकाश परत येत होती, आणि बाळ पाळण्यात झोपलं होतं. तो थेट पाळण्याकडे धावला.

"आधी हात धू," श्यामकांत म्हणाले.

तो हात धुऊन आला. लेकीला पलंगावर नीट बसवून श्यामकांतनी नात उचलली. "मानेखाली हात ठेव. असा. घाबरू नको, ती मोडत नाही."

समीर रडायला लागला. नवराबायकोला तिथेच सोडून, दार हळूच लोटून घेत ते चहा आणायला खाली गेले.