भोंग्यावर बसलेला हात

आमचा ऑर्केस्ट्रा बंद पडला त्यात कोणा एकाचा दोष नव्हता, त्यामुळे राग काढायलाही कोणी नव्हतं. कापसाची ती वर्षंच तशी होती. ज्या गावात कालपरवा कोणी फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, तिथे लग्नसुद्धा लोक गुपचूप उरकून घेत. स्टेज बांधून नाचगाणी कोण करणार? भातकुलीकडच्या गावांनी आम्हाला बोलावणं सोडलं आणि आम्ही अमरावतीत बसून एकमेकांची तोंडं बघू लागलो.

मी डोमाजी, ढोलकीवाला. मला अकोल्याच्या वामनरावांनी उचललं. त्यांचा ऑर्केस्ट्रा शहरातल्या सभागृहांत वाजायचा, म्हणून अजून तग धरून होता. त्यांना बेस गिटार वाजवणाराही हवा होता, तेव्हा मी वकारचं नाव पुढे केलं. वकार आणि मी एकाच स्टेजवर म्हातारे व्हायला आलो होतो. हे काम मिळालं नाही तर त्याला मेव्हण्याच्या हातगाडीवर संत्री विकायला उभं राहावं लागणार होतं. संत्री विकण्यात वाईट काही नाही, पण वकारसारखा तिरसट माणूस गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलेल, यावर माझा तरी विश्वास नव्हता.

वामनरावांनी त्याला तालमीत वाजवून दाखवायला बोलावलं. जुन्या गिटारीची मान वाकली होती, म्हणून त्या दिवशी अकोल्याला उतरल्यावर आम्ही आधी वाद्यांचं दुकान गाठलं. दुकानदाराने दोन बेस गिटारी काढल्या. एक जाडजूड, खांदा ओढणारी. दुसरी हलकी, बारीक मानेची.

"तुमी वाजवता कसे? बोटानं का प्लास्टिकच्या पिकनं?" त्याने विचारलं.

"नखानं," वकार म्हणाला. "अन् आपली स्टाईल एकच. मांडवातल्या शेवटच्या माणसाले ऐकू गेलं पायजे."

हे मात्र खरं होतं. खेड्यात आमचं सगळं भोंग्यांवर चालायचं, झाडांना नाहीतर विजेच्या खांबांना बांधलेल्या. बेसचं काम खालचे जाड सूर धरण्याचं, पण भोंग्यातून ते सूर बाहेरच पडत नाहीत, नुसती फुरफुर येते. म्हणून वकारने जाड तार केव्हाच सोडून दिली होती. बारीक तारांवर, वरच्या सुरांत, नखाने तो असा टणटणीत वाजवायचा की लोक बोट दाखवून विचारत, हा कोण? इतर ऑर्केस्ट्रांत बेस वाजवणारा कोणाच्या खिजगणतीतही नसायचा.

दुकानदाराने जड गिटार मोठ्या स्पीकरला जोडली. वकारने जाड तार छेडली तशा कपाटाच्या काचा थरथरल्या. त्याने चटकन हात मागे घेतला.

"हे तं पोटात वाजते बे," तो मला म्हणाला. "कानात काहीच येत नाही."

मग हलक्या गिटारीवर त्याने आपला ठेवणीतला तुकडा वाजवला. स्वच्छ, धारदार. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघू लागलं.

"तुमच्या हाताले हेच शोभते," दुकानदार म्हणाला, आणि तो काही खोटं बोलत नव्हता. मलाही तीच आवडली. ती घेऊन निघालो तेव्हा वकारने स्वतःहून मला चहा पाजला. एवढा खूश मी त्याला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

वामनरावांची तालीम एका मंगल कार्यालयात होती. तिथे छातीएवढ्या उंचीचे स्पीकर होते, भोंगा औषधालाही नव्हता. वकार जीव तोडून वाजवू लागला. मी ढोलकी धरली आणि पहिल्याच कडव्यात मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. की-बोर्डवर मंजुषाबाई वर, वकारही वर, दोघांच्या सुरांचा नुसता गुंता. खाली कोणीच नव्हतं. ढोलकी पार एकटी पडली. मी डोळ्यांनीच खुणावलं, खाली ये. त्याला कळलं. त्याने जाड तारेवर बोट नेलं, दोन सूर धरले, आणि हात आपोआप वर पळाला. मला त्याचा भयंकर राग आला आणि लगेच त्याची कीवही आली.

वामनराव भला माणूस. गाणं संपेपर्यंत थांबले.

"वकारभाई, हात लय साफ हाये तुमचा," ते म्हणाले. "पण गिटारवाला आमच्यापाशी हाये. आमाले बेसवाला पायजे होता."

"मंग मी बेसच वाजवून राहिलो ना," वकार म्हणाला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर तो भांडला असता आणि मला बरं वाटलं असतं.

बाहेर पायरीवर बसून त्याने गिटार पिशवीत घातली. चेन लावायला त्याला बराच वेळ लागला.

"डोमाजी, खरं सांगजो," तो म्हणाला. "भोंग्यातून बेस निघतच नव्हता. मंग इतके वर्षं आपल्या ऑर्केस्ट्रात बेस होता का नव्हता?"

आतून वामनरावांनी पुढच्या गाण्यासाठी हाक मारली. वकारने "जाय" म्हटलं, आणि मी गेलो.