क्लेमच्या ओठावरची मिशी

मी एक जुनी मिशी आहे, मित्रांनो. खोटी. लंडनच्या एका केसांचे टोप करणाऱ्याने बारीक जाळीवर एकेक केस गाठून मला विणलं. आता माझा डावा कोपरा झडला आहे आणि अंगाला गोंदाचा शिळा वास येतो. तरीही ऐका. मी भित्र्या माणसाच्या ओठावर राहिले आणि त्याच्या भित्रेपणाला आडोसा दिला, एवढीच माझी गोष्ट आहे.

माझ्या काळी चित्रपट मुके होते. नट ओठ हलवत आणि त्यांचं बोलणं नंतर पाटीवर छापून पडद्यावर येई. त्यामुळे पाटीवर एक आणि ओठांवर भलतंच, असं रोज चाले.

पाटी : "क्लेमेंट टॅपस्कॉट. कर्नल, तुरुंगाधिकारी, बिशप."

हे सगळे म्हणजे मीच, क्लेमच्या ओठावर चिकटलेली. समुद्रकाठच्या काचेच्या स्टुडिओत ऊन असेतो काम चाले. ढग आले की सगळे चहा पीत बसत आणि क्लेम गुडघ्यावर कागद ठेवून पुढच्या चित्राची कथा लिही. चाळीसेक कथा लिहिल्या त्याने. लोक त्याचं नाव विसरत, मला मात्र ओळखत. रस्त्यात पोरं ओरडत, "तो बघ मिशीवाला!" मी फुगत असे.

घरी त्याची थोरली बहीण होती, हेस्टर. नवव्या वर्षी लाल तापाने तिचे कान गेले. ती ओठ वाचायची, म्हणून चित्रगृहात तिसऱ्या रांगेत बसून ती पोट धरून हसे.

"क्लेम, तो सरदार गुडघे टेकून त्या बाईला काय म्हणत होता, ठाऊक आहे? 'पुन्हा कांदा खाऊन आलीस ना!'"

"हळू बोल, हेटी. लोक बघतायत."

"बघू देत. तुझं मात्र अक्षर कळत नाही मला. नुसती मिशी हलते. कुणी बुटाला ब्रश मारतंय जसं."

क्लेम हसला नाही. का, ते मला माहीत होतं. आरशासमोर मला लावताना तो एकच वाक्य पुटपुटायचा. घरात सगळे म्हणत, तो ताप दुधातून आला. म्हणून हेस्टरने पुढे जन्मभर दुधाला हात लावला नाही. चहासुद्धा बिनदुधाचा. पण ताप दुधातून आला नव्हता. आईने नको म्हटलेलं असताना सात वर्षांचा क्लेम तापाच्या घरात मांजराची पिल्लं बघायला गेला होता. तिथून ताप त्यानेच घरी आणला. त्याचा उतरला. तिचाही उतरला, पण ऐकू येणं घेऊन गेला. त्याने कुणालाच सांगितलं नाही. समोर बसून सांगायची छाती होत नव्हती.

मग त्याने एक कथा लिहिली. एका स्टेशनमास्तरच्या चुकीमुळे गाडी रुळावरून घसरते आणि त्याची मुलगी अधू होते. शेवटी तो तिच्यापुढे कबुली देतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ असतो. कागदावर क्लेमने दोनदा रेघ मारून लिहिलं होतं : स्टेशनमास्तरला मिशी नाही. पाटीवर काहीही येवो, हेस्टर त्याचे ओठ वाचणार होती.

ते दृश्य काढायच्या सकाळी मी माझ्या डब्यातच होते. पहिल्यांदाच.

दिग्दर्शक गॅडस्बी ओरडले, "टॅपस्कॉट! मिशी कुठंय?"

"या स्टेशनमास्तरला नाही, साहेब. लिहिलंय तसं."

"लिहिलंय कुणी? तुम्हीच ना? मग खोडा तुम्हीच. अहो, तुमचा चेहरा ओळखतो कोण? आणि लवकर करा, ढग येतायत."

क्लेमने वर पाहिलं. काचेपलीकडे एक लहानसा ढग होता. मग त्याने डब्यात पाहिलं. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, उचल मला. मला डब्यात राहायचं नव्हतं. त्याने गोंद लावला. हात सुटका झाल्यासारखा हलका झाला होता.

कॅमेऱ्याची मूठ फिरू लागली. माझ्याखाली ओठ हलले : "हेटी, दूध नव्हतं ते. मी गेलो होतो त्या घरात. ताप मी आणला."

पाटी : "मुली, सिग्नल मी चुकीचा दिला."

चित्रगृहात बायका रुमालाने डोळे टिपत होत्या. हेस्टर पुढे वाकून बघत होती. बाहेर आल्यावर तिने त्याची बाही धरली.

"शेवटी काय म्हणालास रे?"

"पाटीवर होतं तेच."

"थापा मारू नकोस. पाटी एवढीशी, आणि तू केवढा वेळ बोलत होतास!"

"पुढच्या चित्रात बघ. चल, भिजू आपण."

पुढचं चित्र आलं ते बोलतं. क्लेमचा आवाज किटलीच्या शिट्टीसारखा निघाला, म्हणून त्याचं काम सुटलं. नट आता पाठ फिरवूनही बोलू लागले, म्हणून हेस्टरने चित्रगृह सोडलं. जुनी मुकी चित्रं चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. स्टेशनमास्तरही त्यातच गेला. पुढे पंधरा वर्षं बहीणभाऊ एकाच टेबलावर न्याहारी करत होते. रोज तो तिचा काळा चहा बघे, तोंड उघडे आणि त्यात पाव घाली.

पाटी : "एका हिवाळ्यात क्लेमेंट टॅपस्कॉट शांतपणे गेला."

शांतपणे नाही, मित्रांनो. छातीत कफ होता, आणि तो बहिणीचा हात धरून बोलू पाहत होता. पण दाढीमिशीचे खुंट वाढले होते, ओठ सुकले होते, आणि तिचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता.

आठवड्याने तिने डबा उघडला. मला बोट ओलं करून स्वतःच्या ओठावर चिकटवलं आणि आरशात बघून स्टेशनमास्तरची पाटीवरची वाक्यं एकेक करून म्हणून पाहिली.

"काही दिसत नाही रे, क्लेम," ती म्हणाली. "काय म्हणाला होतास?"

ते वाक्य माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मिशीला ओठावर बसता येतं, बोलता येत नाही.

तिने मला बशीत काढून ठेवलं आणि चहा ओतला. शेजारीण दुधाचं भांडं घेऊन आली होती. हेस्टरने ते हाताने दूर सारलं.

मित्रांनो, मला जपा, झटका, डांबराच्या गोळ्या घाला, असं मी म्हणणार नाही. मला कसर लागली तरी चालेल. पण ज्याला काही सांगायचं राहिलंय, त्याच्यासमोर जाताना मला डब्यातच ठेवा. मला कितीही वाटलं, तरी उचलू नका.